दोनशे पानी, पाचशे नग: घाऊक वह्यांबद्दलचे गैरसमज

पिरंगुट मागे टाकून पौडच्या दिशेने निघालं की कासार आंबोली लागतं. मुळशीच्या या पट्ट्यात लहानमोठे कारखाने आणि गोदामं आहेत. संगणक कितीही आले तरी तिथे रोज हाताने लिहिलं जातं. गेटवर गाडीचा नंबर आणि आत-बाहेरची वेळ, यंत्राशेजारी पाळीची नोंद, स्टोअरमध्ये आवक-जावक, देखभालीच्या माणसाच्या खिशात छोटी डायरी. एवढ्या वह्या लागतात, पण त्यांची खरेदी बहुतेक ठिकाणी एका फोनवर उरकते. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या किंवा बोहरी आळीतल्या घाऊक दुकानदाराला ‘दोनशे पानी, पाचशे नग’ सांगायचं, तीन कोटेशनं मागवायची आणि सर्वांत कमी भाव मंजूर करायचा. बोल्ट मागवताना व्यास, आटे, धातू सगळं लिहून देणारा खरेदी विभाग वहीच्या बाबतीत मात्र एका ओळीत मोकळा होतो. मग तीन दुकानदार तीन वेगळ्या वस्तूंचे भाव देतात आणि आपण त्यांची तुलना करत बसतो.

‘दोनशे पानी म्हणजे दोनशे पानी, त्यात काय पाहायचं?’

दोनशे पानी वहीत कागद असतात शंभर, कारण मोजणी पृष्ठांची असते. काही उत्पादक मुखपृष्ठाच्या चार बाजूही याच आकड्यात धरतात आणि तसं कव्हरवर बारीक अक्षरात छापतात. ते वाचायला हवं. रजिस्टरचं गणित आणखी वेगळं. तिथे भाव क्वायरवर, म्हणजे आपल्या जुन्या दस्त्यावर चालतो. एका दस्त्यात चोवीस ताव. ते मधोमध दुमडले की अठ्ठेचाळीस कागद, म्हणजे 96 पृष्ठं. दोन क्वायरच्या रजिस्टरला 192 आणि चार क्वायरला 384 पृष्ठं हवीत. माल उतरवून घेताना दहा-वीस रजिस्टरांची पृष्ठं मोजून पाहायला फार वेळ लागत नाही.

आकाराचंही तेच. फुलस्केप आणि ए-फोर हे एकच नव्हेत. ए-फोरचं माप 210 गुणिले 297 मिलिमीटर ठरलेलं आहे. फुलस्केप त्याहून लांब असतो, म्हणून गेटच्या रजिस्टरला सोयीचा. ‘लाँग बुक’, ‘किंग साइझ’ ही नावं मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या मापाला देते. म्हणून ऑर्डरमध्ये नाव लिहू नये, मिलिमीटर लिहावेत.

‘जीएसएम जास्त, तर कागद चांगला’

हा समज इतका पक्का बसला आहे की विक्रेतेही त्याच्याच आधाराने माल खपवतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ते फक्त वजन आहे. शाई फुटेल का, मागच्या पानावर अक्षर दिसेल का, कागद पाच वर्षांनी पिवळा पडेल का, यातलं काहीच तो आकडा एकटा सांगू शकत नाही.

शाई पसरते की नाही, हे कागदाला दिलेल्या खळीवर अवलंबून असतं. आरपार दिसणं हे लगद्यावर आणि त्यात मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटसारख्या भरणद्रव्यावर ठरतं. त्यामुळे नीट बनवलेला 60 जीएसएमचा कागद निकृष्ट 70 जीएसएमपेक्षा लिहायला चांगला असू शकतो. पिवळेपणाचं मुख्य कारण लाकडातलं लिग्निन. लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्यात ते राहून जातं, म्हणून वर्तमानपत्र उन्हात लगेच पिवळं पडतं. रासायनिक प्रक्रियेने केलेल्या लगद्यातून ते बहुतांशी निघून गेलेलं असतं. रोजच्या मीटिंगच्या वहीला याने फरक पडत नाही, पण जी नोंद जपून ठेवायची आहे तिला पडतो.

परीक्षा सोपी आहे. आपल्या माणसांच्या हातात जे पेन असतं, त्याच पेनने नमुन्यावर लिहून पाहावं. गेटवर बॉलपेन असेल तर बॉलपेन, ऑफिसात जेल असेल तर जेल. कोऱ्या कागदावर पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात मुरतो तेही पाहावं.

तरीही जीएसएम तपासावाच, कारण बहुतेक फसवणूक तिथेच होते. वहीतून दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचे दहा तुकडे कापा आणि बारीक काट्यावर वजन करा. आलेल्या ग्रॅमना दहाने गुणलं की जीएसएम मिळतो. कापायचं नसेल तर अख्खी वही तोला. ए-फोर आकाराच्या दोनशे पानी वहीत 70 जीएसएमचा कागद असेल, तर कव्हर सोडून ती सुमारे 437 ग्रॅम भरली पाहिजे. कागद 54 जीएसएमचा निघाला, तर 337 ग्रॅमच भरेल. वहीमागे शंभर ग्रॅम कागद कमी म्हणजे पाचशे वह्यांत पन्नास किलो. सर्वांत कमी भावाचं रहस्य बरेचदा या पन्नास किलोंत असतं.

‘बांधणी कुठलीही चालते, आत लिहिणं महत्त्वाचं’

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. मधोमध पिना मारलेली वही प्रशिक्षणाच्या दोन दिवसांसाठी उत्तम आणि स्वस्त आहे. पण तिचा एक कागद फाडला की जोडीचा कागद सुटतो. नुसत्या गोंदाची बांधणी दिसायला सुबक असते, पण वही सपाट उघडत नाही. दाबून उघडत राहिलं की पाठ तडकते आणि पानं सुटू लागतात. वायरोची, म्हणजे तारेच्या कड्यांची वही टेबलावर सपाट राहते, दुमडून हातात धरता येते, म्हणून सुपरवायझरला ती आवडते. पण तिचं पान कुणी काढून घेतलं तर मागे पुरावा राहत नाही.

जिथे नोंद हाच पुरावा असतो तिथे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे जुडगे दोऱ्याने शिवलेली, पक्क्या पुठ्ठ्याची आणि पृष्ठक्रमांक छापलेली वहीच घ्यावी. कायद्याचीही दिशा तीच आहे. केंद्रीय जीएसटी नियमांतला 56 वा नियम सांगतो की हिशेबाच्या नोंदी खोडायच्या किंवा गिरवायच्या नाहीत. चूक झाली तर रेघ मारून, सही करून दुरुस्ती करायची आणि हाताने लिहिलेल्या प्रत्येक खंडाला अनुक्रमांक द्यायचा. हे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. कंपनी कायदा 2013 नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. आठ वर्षं टिकायची वस्तू आपण वहीमागे पाच रुपये वाचवायला पिनांवर सोडतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या पेढ्यांनी जाड, शिवलेल्या चोपड्या वापरल्या आणि दिवाळीत त्यांची पूजा केली, त्यामागे श्रद्धेइतकाच हा व्यवहारही होता.

मुळशीत बांधणीचा विचार पावसासह करावा लागतो. ताम्हिणीकडे पाऊस कोसळतो, तेव्हा कासार आंबोलीच्या बाजूलाही हवा दिवसेंदिवस दमट असते. ओलाव्याने कागदाचे तंतू लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात. म्हणून तंतूंची दिशा वहीच्या पाठीला समांतर हवी. ती आडवी असली की पानं पाठीजवळ लाटांसारखी वर-खाली होतात आणि वही नीट मिटत नाही. हे तपासायला पान एकदा उभं आणि एकदा आडवं हलकेच वाकवून पाहावं. ज्या दिशेच्या घडीवर ते सहज वाकतं, ती तंतूंची दिशा. गठ्ठे आल्यावर ते भिंतीपासून हातभर लांब, लाकडी पॅलेटवर ठेवावेत. जमिनीवर ठेवलेल्या गठ्ठ्याचा तळ ऑगस्टपर्यंत ओल धरतो, मागून कसर आणि वाळवी येते.

‘आता वह्यांवर जीएसटीच नाही, म्हणजे बारा टक्के वाचले’

22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, आलेख वह्या आणि प्रयोगवह्यांवरचा 12 टक्के जीएसटी शून्य झाला, हे खरं. शाळकरी मुलांच्या पालकांना त्याचा सरळ फायदा आहे. पण रजिस्टर, हिशेबाची पुस्तकं, डायऱ्या, लेटरपॅड, पावतीपुस्तकं यांवर 18 टक्के कायम आहे. कोटेशनवर ‘वही’ आणि ‘रजिस्टर’ एकाच ओळीत आले असतील, तर ते वेगळे करून मागवावेत.

वहीच्या बाबतीतही नोंदणीकृत व्यवसायाची बचत दिसते तेवढी नसते. भरलेला 12 टक्के कर आपल्या कामासाठीच्या खरेदीवर इनपुट क्रेडिट म्हणून आधीही परत मिळतच होता. आता कर नाही आणि क्रेडिटही नाही. उलट वही बनवणाऱ्याचा माल करमुक्त झाल्याने त्याने पुठ्ठा, शाई, गोंद, तार यांवर भरलेल्या कराचं क्रेडिट त्याला मिळत नाही. तो भार मूळ किमतीत शिरतो. म्हणून जुना करविरहित भाव आणि नवा भाव शेजारी ठेवून पाहावेत. नवा थोडा चढा असेल, तर विक्रेता लुबाडतोच आहे असं लगेच धरू नये.

ग्राहकांना दिवाळीत किंवा नववर्षाला वाटायच्या डायऱ्यांचा हिशेब तर पुरता वेगळा आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) नुसार भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर क्रेडिट मिळत नाही. तिथला 18 टक्के कर हा निव्वळ खर्च आहे आणि तो धरूनच अंदाजपत्रक करावं.

‘जितकी मोठी ऑर्डर, तितका स्वस्त नग’

हे एका मर्यादेपर्यंतच खरं. कव्हरच्या प्लेटा, मशिनची जुळवणी, सोनेरी अक्षरांचा ठसा हा खर्च एकदाच होतो, त्यामुळे शंभरावरून पाचशेवर गेलं की नगाचा भाव झपाट्याने उतरतो. त्यापुढे मुख्य खर्च कागदाचा, आणि तो नगागणिक वाढतच जातो. दोन हजारांवरून चार हजारांवर जाऊन मिळणारी सूट बरेचदा गोदामातली जागा आणि ओल खाऊन टाकते. शिवाय कंपनीचा पत्ता किंवा बोधचिन्ह बदललं की उरलेले गठ्ठे रद्दीत जातात. छपाई फक्त कव्हरवर ठेवली आणि आतली आखणी साधी ठेवली, तर ही जोखीम कमी होते.

ऑर्डरची वेळ पाळली तर सुटीपेक्षा जास्त फायदा होतो. उन्हाळ्यात, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत बाइंडरकडे शालेय वह्यांची गर्दी असते, दिवाळीनंतर डायऱ्यांची. 1 एप्रिलला नवी रजिस्टरं हवी असतील, तर जानेवारीतच नमुना मंजूर करावा. मंजूर नमुन्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक आपल्याकडे ठेवावी. माल उतरताना तुलना त्या प्रतीशी करावी, कोटेशनशी नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. ‘लहान बाइंडर आहे, तीन महिन्यांनी दिले तरी चालतील’ असं सर्रास धरलं जातं. एमएसएमईडी कायदा 2006 तसं मानत नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असलेल्या पुरवठादाराला लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून आयकरातही याची झळ बसते. मुदत ओलांडलेलं बिल वर्षअखेरीस थकीत राहिलं, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते. हे संरक्षण वही बनवणाऱ्याला आहे, नुसती विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. तेव्हा ऑर्डर देतानाच पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र मागून घ्यावं आणि त्याची नोंदणी उत्पादक म्हणून आहे की व्यापारी म्हणून, ते पाहून लेखा विभागाला कळवावं.