शस्त्रक्रियागृहाची हवा आणि तिची नोंदवही

शस्त्रक्रियागृह सुरक्षित आहे की नाही, हे ठरवण्याच्या काही समजुती रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. त्या निष्काळजीपणातून आलेल्या नाहीत. बऱ्याच तर एके काळी रीतसर शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींतून उरल्या आहेत, आणि त्या पाळणारी माणसे मनापासून पाळतात. पण चुकीच्या खात्रीची किंमत अखेर रुग्णाच्या जखमेला मोजावी लागते, म्हणून त्या तपासायलाच हव्यात.

"स्वॅब निगेटिव्ह आला, म्हणजे ओटी सुरक्षित आहे."

प्रयोगशाळेचा छापील अहवाल हाती आला की शंका मिटल्यासारखी वाटते, आणि या समजाचे बळ त्यातच आहे. पण स्वॅब पुसला जातो टेबलाच्या किंवा दिव्याच्या काही चौरस सेंटीमीटर भागावर, एका ठरावीक क्षणी. अहवाल येईपर्यंत दोन दिवस जातात आणि तोवर त्याच टेबलावर अनेक शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या असतात. शिवाय जखमेत शिरणारे बहुतेक जंतू भिंतीवरून येत नाहीत. ते रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरून आणि खोलीतल्या माणसांकडून येतात. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था असलेल्या सीडीसीने १९७० सालापर्यंतच असे सरसकट, ठरावीक मुदतीने घेतले जाणारे नमुने थांबवावेत अशी भूमिका घेतली होती. नमुने घेण्याला अर्थ आहे, पण नेमक्या प्रसंगी: नवे थिएटर सुरू करताना, बांधकाम किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर, किंवा एकापाठोपाठ एक संसर्ग दिसू लागल्यावर. एरवी 'निगेटिव्ह' अहवाल त्या जागेबद्दल आणि त्या क्षणाबद्दल बोलतो, खोलीबद्दल नाही.

"रविवारी फ्युमिगेशन केले की आठवडा निर्धास्त."

बंद खोली, डोळ्यांत चुरचुरणारा फॉर्मालिनचा वास, मग कुलूप. इतक्या उग्र वायूपुढे जंतू टिकतीलच कसे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हा वायू वाळलेल्या रक्ताच्या किंवा धुळीच्या थराखाली नीट पोहोचत नाही आणि खोली हवेशीर केल्यावर त्याचा कोणताही पहारा मागे उरत नाही. सोमवारी सकाळी आत आलेला पहिला माणूस नवे जंतू घेऊनच येतो. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणजे धोका खरा आहे, पण तो खोली तयार करणाऱ्या कर्मचाऱ्यांना. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये डिटर्जंटने आणि योग्य जंतुनाशकाने पुसून घेणे हे दिसायला साधे काम आहे, पण खरे संरक्षण तेच देते.

"एसी आहे ना, मग हवेचा प्रश्न मिटला."

खोली गार झाली की हवा शुद्ध झाली, असे शरीराला वाटते. भिंतीवरचा स्प्लिट एसी मात्र खोलीतलीच हवा फिरवत राहतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही आणि त्याच्या ओलसर आतल्या भागात बुरशीला आसरा मिळतो. भारतात रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियागृहासाठी खिडकीचे आणि स्प्लिट एसी याच कारणाने नाकारले आहेत. अपेक्षा अशी असते की हवा तासाला किमान २० वेळा बदलावी, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या हेपा गाळणीतून यावी आणि खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा किमान २.५ पास्कल जास्त राहावा. दार उघडले की हा दाब कोसळतो. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना विसरलेला धागा आणायला झालेली ये-जा ही हवेचीच बाब आहे.

लॅमिनार फ्लोबद्दलही, म्हणजे गाळलेली हवा टेबलावर एकाच दिशेने संथ सोडणाऱ्या यंत्रणेबद्दलही, एक शब्द. सांधेबदल शस्त्रक्रियांवरील १९८२ च्या ब्रिटिश अभ्यासात अतिशुद्ध हवेने खोलवरचा संसर्ग निम्म्यावर आल्याचे दिसले, त्यामुळे त्यावरचा विश्वास निराधार नव्हता. पण २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नंतरचा पुरावा तपासून, सांधेबदलातला संसर्ग टाळण्यासाठी ती यंत्रणा वापरू नये अशी सशर्त शिफारस केली.

"थिएटर जितके थंड, तितके जंतू कमी."

१८ किंवा २० अंशांना जंतू मरत नाहीत. थंडावा गाऊन घालून दिव्याखाली तासन्‌तास उभ्या असलेल्या सर्जनसाठी असतो. भूल दिलेल्या रुग्णाचे शरीर मात्र स्वतःची उष्णता राखू शकत नाही. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरील १९९६ च्या प्रसिद्ध चाचणीत शरीराचे तापमान घसरलेल्यांपैकी १९ टक्क्यांना जखमेचा संसर्ग झाला, उबदार ठेवलेल्यांपैकी फक्त ६ टक्क्यांना.

"नोंदवही तपासणीला येणाऱ्यांसाठी असते."

हा समज सर्वांत घातक आहे, आणि तो पसरण्याला कारणही आहे: वही उघडली जाते ती बहुतेकदा तपासणीच्या आदल्या दिवशीच. मग महिनाभर 'तापमान २१, आर्द्रता ५५' असे एकसारखे आकडे एकाच शाईत दिसतात. काम करणाऱ्या खोलीचे आकडे असे स्थिर राहत नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राखायला यंत्रणेला झगडावे लागते. विदर्भातल्या मे महिन्यात तापमानाचे तेच. खरी नोंद हा झगडा दाखवते. दाब १२ पास्कलवरून काही आठवड्यांत ६ वर आला, तर तो अजूनही मर्यादेच्या आतच असतो. पण ती उतरण गाळणी तुंबत असल्याचे किंवा कुठे गळती असल्याचे आधीच सांगते. एकटा आकडा हे सांगू शकत नाही. म्हणून 'गेज बंद होता, दुरुस्तीला कळवले' ही नोंद सुबक पण खोट्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे, आणि ती लिहिणाऱ्या सिस्टरला किंवा टेक्निशियनला बोलणी बसता कामा नयेत. आपोआप नोंद घेणारे सेन्सर बसवले तरी त्यांची अचूकता ठरावीक काळाने पडताळावी लागते, आणि मर्यादा ओलांडल्यावर कोणी काय केले हे माणसालाच लिहावे लागते.

खरी नोंद ठेवण्याला आणखी एक कारण आहे. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत, आणि शरीरात कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत उद्भवल्यास शस्त्रक्रियेशी जोडला जातो. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो, खोली शेकडो वेळा पुसलेली असते, हवा लाखो वेळा बदललेली नसली तरी हजारो वेळा नक्कीच बदललेली असते. शस्त्रक्रियेच्या दिवशी, त्या तासाला दाब किती होता, ऑटोक्लेव्हच्या कोणत्या फेरीतली उपकरणे वापरली गेली आणि त्या फेरीची जैविक चाचणी काय आली, याचे उत्तर तेव्हा फक्त नोंदवहीच्या त्या पानावर सापडू शकते.