कुणाचीच नसलेली भाषा

एक छोटंसं बेट, चार अधिकृत भाषा आणि एक अवघड प्रश्न : सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं कुठल्या भाषेत? सिंगापूरनं उत्तर शोधलं. पण त्याचं बिल कुणी भरलं?

समजा, तुम्ही होस्टेलवर राहायला गेलात. रूममध्ये चौघं जण. तुम्ही साताऱ्याचे, एक कोइमतूरचा, एक कोलकात्याचा, एक लखनौचा. पहिल्याच रात्री प्रश्न येणार, बोलायचं कुठल्या भाषेत?

हिंदीत बोलू म्हणालात, तर लखनौवाला खूश. तो आपल्या घरच्याच भाषेत बोलणार, जोक मारणार आणि भांडण झालं तर जिंकणारही तोच. कोइमतूरवाला मात्र प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवत बसणार. मग कुणीतरी म्हणणार, ‘इंग्रजीत बोलू या ना, सगळ्यांनाच सारखी अवघड!’ वाटतं बरोबर. पण चौघांतला एखादा इंग्लिश मीडियमचा निघाला, की पुन्हा एकाचीच गाडी पुढे.

आता या रूमच्या जागी एक अख्खा देश ठेवून बघा. या देशात वर्षभरापूर्वीच दोन वंशांमध्ये दंगली झाल्यात, माणसं मेलीत, आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं तर आहे. असा देश खरंच होता. त्याचं नाव सिंगापूर.

नावही उसनं, माणसंही बाहेरची

‘सिंगापूर’ हे नावच मुळी आपल्या ओळखीचं. सिंहपूर! बेट मलय लोकांच्या मुलखातलं, नाव संस्कृतातून आलेलं, राज्य इंग्रजांचं आणि राहणारे बहुसंख्य लोक चिनी. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं, तेव्हा लोकसंख्या होती जेमतेम १९ लाख. त्यातले साधारण तीन चतुर्थांश चिनी वंशाचे, बाकीचे मलय आणि भारतीय. भारतीयांत सगळ्यात जास्त तमिळ.

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे की! जास्त लोक चिनी, तर चिनी करून टाकायची देशाची भाषा. तशी मागणी चिनी समाजातून झालीही होती. पण दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण शेजारची. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला इंडोनेशिया. मधल्या एवढ्याशा बेटानं आपण ‘चिनी देश’ असल्याचं जाहीर केलं असतं, तर शेजाऱ्यांना संशय आला असता आणि घरातल्या मलय, तमिळ लोकांना भीती वाटली असती. १९६४ च्या दंगली कुणी विसरलेलं नव्हतं.

दुसरी अडचण आणखी मजेशीर. चिनी म्हणजे नेमकी कुठली? सिंगापूरच्या चिनी घरांत होक्कियन, तेओच्यू, कॅन्टोनीज, हक्का, हाइनानीज अशा वेगवेगळ्या भाषा बोलल्या जायच्या. एकाची दुसऱ्याला कळेलच असं नाही. ज्या मॅन्डरिनला आपण ‘चिनी भाषा’ म्हणतो, ती तिथल्या चिनी शाळांत शिकवली जायची. पण १९५७ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे होते हजारात एखाददुसरे. इंग्रजीवाले तरी किती? दोन टक्क्यांच्या आतच.

मग बाजारात लोक बोलायचे कसे? मोडक्यातोडक्या मलयमध्ये! होक्कियन बाई तमिळ दूधवाल्याशी ‘बाजारी मलय’ बोलायची आणि दोघांचंही काम भागायचं. कुणी व्याकरण तपासत नव्हतं.

चौघींना मान, एकीला काम

सिंगापूरनं उत्तर काढलं ते असं. मलय, मॅन्डरिन, तमिळ आणि इंग्रजी या चारही भाषा अधिकृत. त्यातली मलय ही राष्ट्रभाषा. आजही देशाचं राष्ट्रगीत मलयमध्ये आहे आणि परेडवर चिनी पोराला ‘सावधान’ची ऑर्डर मिळते तीही मलयमध्ये : ‘सेडिया!’ नाण्यांवर देशाचं नाव चारही भाषांत.

पण ऑफिस, कोर्ट, बँक, कॉलेज यांचा रोजचा कारभार कशात? इंग्रजीत. म्हणजे मान चौघींना, काम एकीला.

यामागचा हिशोब दोन ओळींचा. इंग्रजी कुठल्याच मोठ्या गटाची घरची भाषा नाही, त्यामुळे जन्मानं कुणालाच फुकटचा फायदा नाही. आणि देशाकडे शेती नाही, खाणी नाहीत. आहे फक्त बंदर आणि माणसं. पोट भरायचं तर जगाशी धंदा करायला हवा आणि धंद्याची भाषा इंग्रजी. पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांचं हे गणित. गंमत म्हणजे ते स्वतः इंग्रजी शाळांत शिकलेले. मॅन्डरिन आणि होक्कियन ते मोठेपणी शिकले, कारण मतं मागायची होती!

हिशोब चुकला असं म्हणता येत नाही. परदेशी कंपन्या आल्या, नोकऱ्या आल्या. चिनी, मलय, तमिळ पोरं एकाच वर्गात बसून एकाच पेपरला वैतागू लागली. पण आपल्या होस्टेलच्या रूममधला तो इंग्लिश मीडियमवाला आठवतोय ना? तो इथेही होताच. ज्यांच्या घरात आधीपासून इंग्रजी होतं, ती मंडळी पुढे गेली. ‘कुणाचीच नसलेली’ भाषा खरंतर थोड्यांची होती.

रिक्षावाल्यांनी बांधलेलं विद्यापीठ

याची झळ कुणाला लागली ते बघा. १९५० च्या दशकात सिंगापूरच्या चिनी समाजानं वर्गणी काढून स्वतःचं विद्यापीठ उभं केलं, नानयांग विद्यापीठ. बड्या व्यापाऱ्यांनी देणग्या दिल्याच. पण सायकलरिक्षा चालवणाऱ्यांनी आणि फेरीवाल्यांनीही आपली कमाई दिली. आपण शिकलो नाही, पोरांनी आपल्या भाषेत शिकावं, एवढीच इच्छा.

पण नोकऱ्या इंग्रजीच्या हातात गेल्या, तशी या विद्यापीठाच्या डिग्रीची किंमत उतरत गेली. आईबापच मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. जबरदस्ती पगाराच्या आकड्याची होती. १९८० मध्ये नानयांग दुसऱ्या विद्यापीठात विलीन झालं. १९८७ पर्यंत सगळ्या शाळांची पहिली भाषा इंग्रजी झाली.

आपल्याकडे गावातली मराठी शाळा बंद पडते तेव्हा हेच तर होतं. शाळेवर कुणी हल्ला करत नाही. पिवळी बस येते आणि मुलांना घेऊन जाते.

आजी आणि नातवाच्या मधली भिंत

सिंगापूरनं मातृभाषा अगदी सोडून दिली नाही. प्रत्येक मुलानं शाळेत इंग्रजीबरोबर आपली ‘मातृभाषा’ शिकायचीच, असा नियम केला. पण ही मातृभाषा ठरायची कशी? वंशावरून, आणि तोही वडिलांच्या! वडील चिनी असतील तर मुलाची मातृभाषा मॅन्डरिन. मग घरात आई होक्कियन बोलत असली तरी चालेल.

म्हणजे बिचारं सहा वर्षांचं पोर घरी होक्कियन बोलणार आणि शाळेत दोन नव्या भाषा शिकणार. १९७० च्या दशकात त्याचा निकाल दिसला. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत निम्म्याहून जास्त मुलं या दोन भाषांपैकी निदान एकीत नापास होत होती. सरकारनं विचार केला, तीन भाषांचं ओझं आहे, एक कमी करू. कुठली कमी करणार? घरातली.

१९७९ मध्ये ‘मॅन्डरिन बोला’ मोहीम सुरू झाली. होक्कियन, तेओच्यू, कॅन्टोनीज यांना ‘बोली’ म्हणून बाजूला सारलं. टीव्हीवरच्या लाडक्या कॅन्टोनीज मालिका मॅन्डरिनमध्ये डब होऊन येऊ लागल्या. ज्या आजीची संध्याकाळ त्या मालिकांवर जायची, तिला आता आपल्याच घरातला टीव्ही कळेना. हळूहळू नातूही कळेना.

आकडे बघा. २०२० च्या जनगणनेत घरात सर्वाधिक इंग्रजी बोलतो असं सांगणारे ४८.३ टक्के होते. मॅन्डरिन २९.९ टक्के. आणि एकेकाळी बहुतेक चिनी घरांत बोलल्या जाणाऱ्या त्या सगळ्या बोली मिळून ८.७ टक्के. पण मॅन्डरिनवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. २०१० मध्ये तिचा आकडा ३५.६ टक्के होता. तमिळही ३.३ वरून २.५ वर आली. आजीची भाषा घालवून जिला आणलं, तिलाही आता इंग्रजी ढकलतेय.

मराठी पोरं कुठे बसतात?

आपली मराठी मंडळीही नोकरीसाठी सिंगापूरला जातात. त्यांची मुलं तिथल्या सरकारी शाळेत गेली, तर ‘मातृभाषा’ म्हणून काय घेतात? तमिळ तर आहेच. त्याशिवाय हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू यांना मान्यता आहे. मराठी त्या यादीत नाही. त्यामुळे घरात ‘आई, भूक लागली’ म्हणणारं पोर शाळेत मातृभाषेच्या तासाला बहुधा हिंदीच्या वर्गात जाऊन बसतं. सरकारी कागदावरची मातृभाषा आणि आईची भाषा यांत केवढं अंतर असू शकतं ते इथे कळतं.

आणि फार लांब कशाला जा? धुळ्या-जळगावकडून पुण्यात शिकायला आलेली किती पोरं रूमवर अहिराणीत फोन घेतात? की बाहेर गॅलरीत जाऊन, आवाज बारीक करून बोलतात?

मग करायचं काय?

सिंगापूर चुकलं, असा शिक्का मारणं सोपं आहे. पण १९६५ मध्ये त्या खुर्चीत तुम्ही असतात तर काय केलं असतं? एका गटाची भाषा सगळ्यांवर लादली असती तर देश टिकला असता का, सांगता येत नाही. सगळ्यांना जोडणारी भाषा हवीच होती आणि ती मिळाली. तिथल्या तरुणांनी तर त्या इंग्रजीलाही आपल्या चवीनं फोडणी दिली. वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावायचं, खाण्याला मलय ‘माकान’ म्हणायचं, मूर्खाला तमिळवरून आलेलं ‘गुंडू’. सरकारनं २००० मध्ये ‘नीट इंग्रजी बोला’ अशी मोहीम काढली, तरी हे सिंग्लिश काही जाईना. वरून आलेली भाषा खाली येईपर्यंत लोक ती आपली करून टाकतात.

चूक झाली असेल तर ती जोडभाषा निवडण्यात नव्हती. जोडभाषेला घराच्या आत जागा करून देताना आजीला बाहेर काढलं, तिथे झाली. देशाला एक भाषा लागते, हे मान्य. पण माणसाला एकच लागते, असं कुणी सांगितलं? बाजारात मोडकी मलय बोलणारी ती होक्कियन बाई घरी जाऊन होक्कियनच बोलत होती ना!

२०१६ मध्ये सिंगापूरच्या टीव्हीवर एक होक्कियन मालिका आली, इतक्या वर्षांनी. का? तर सरकारी योजना म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोहोचतच नव्हत्या. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्याच भाषेत बोलावं लागणार, हे कळून चुकलं होतं. त्या मालिकेच्या नावाचा अर्थ माहितीये? ‘जेवलात का?’

आपल्याकडेही आजीचा फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो. तुमची आजी तो ज्या भाषेत विचारते, त्याच भाषेत तुम्हाला उत्तर देता येतं का? येत असेल तर आज तिला फोन करा. आणि हो, गॅलरीत जाऊ नका. रूममध्ये, सगळ्यांसमोर बोला.