लाल खडूतले घर्षण

लिओनार्दो दा विंचीच्या वह्या म्हटले की उडती यंत्रे आठवतात, रणगाडा आठवतो. मला मात्र त्या सगळ्यांहून मोठे वाटते ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या एका खिशात मावणाऱ्या वहीचे पान. जेमतेम नऊ सेंटिमीटर उंच, सहा रुंद. वर एका वृद्धेचा पुसट चेहरा, खाली लाल खडूच्या काही खुणा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रहालयातल्याच एका जाणत्याला चेहरा तेवढा मोलाचा वाटला. खालच्या खुणा त्याने बिनमहत्त्वाच्या ठरवल्या. केंब्रिजचे प्राध्यापक इयन हचिंग्ज यांनी २०१६ साली दाखवून दिले, की घर्षणाच्या नियमांची लिओनार्दोने केलेली पहिली नोंद तीच आहे. साल १४९३.

त्या वेळी तो एकेचाळीस वर्षांचा, मिलानमध्ये लुदोविको स्फोर्झाच्या पदरी होता. पानावर ठोकळ्यांच्या रांगा आहेत. दोरी कप्पीवरून खाली सोडलेली, तिच्या टोकाला वजन. अकरावीच्या प्रयोगशाळेत आपली मुले आजही हाच प्रयोग करतात. ठोकळा सरकायला लागेपर्यंत वजन वाढवत न्यायचे, इतके सोपे. पण त्यातून निघालेले उत्तर सोपे नव्हते. भार दुप्पट केला की अडथळाही दुप्पट होतो, हे कोणालाही पटेल. ठोकळा रुंद बाजूवर ठेवा की अरुंद, अडथळा तेवढाच राहतो, हे मात्र डोळ्यांना खोटे वाटते. टेकलेला भाग मोठा म्हणजे घासणे जास्त, असेच कोणीही म्हणेल. लिओनार्दोने डोळ्यांपेक्षा वजनावर विश्वास ठेवला.

गुळगुळीत पृष्ठभागांसाठी त्याने घर्षण भाराच्या एक चतुर्थांश धरले. सगळ्या पदार्थांना हा एकच आकडा लागू होत नाही, हे आपण आज जाणतो. पण कोरड्या लाकडाच्या बाबतीत तो वास्तवापासून फार दूर नाही, आणि मुळात घर्षणाला आकडा देता येतो हीच त्या काळात केवढी झेप!

आकडा हाती आल्यावर स्वप्ने तपासता येतात. एकदा फिरवले की कायम फिरत राहील असे चाक बनवण्याचा नाद त्या काळी अनेकांना होता. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधल्याच लिओनार्दोच्या फोर्स्टर वह्यांत अशा चाकांची रेखाटने आहेत आणि त्यांच्यावर कडक शब्दांत टीकाही आहे. अशा शोधकांना तो किमयागारांच्या रांगेत बसवतो.

घर्षण अशा प्रत्येक चाकाला थांबवतेच. ते संपवता येत नसेल, तर कमी करावे. त्याची पुढची वाट ही होती. १४९० च्या दशकातल्या पहिल्या माद्रिद हस्तलिखितात त्याने छर्रे आणि रोलर यांची बेअरिंगे काढली. छर्रे एकमेकांना टेकले तर आपसांत घासून गती अडते, हे ओळखून त्यांना वेगवेगळे धरून ठेवणारी रचना सुचवली. आजच्या बेअरिंगमधला पिंजरा म्हणजे हीच कल्पना.

हे सगळे छापून मात्र आले नाही. १५१९ मध्ये फ्रान्समधल्या अँबॉइज इथे त्याचा मृत्यू झाला आणि वह्या शिष्य फ्रांचेस्को मेल्झीकडे गेल्या. मेल्झीनंतर त्या विखुरल्या. शिल्पकार पोंपेओ लिओनीने मिळाली ती पाने कापून नव्या बांधणीत चिकटवली. मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयातला कोडेक्स अटलांटिकस त्यातूनच तयार झाला. या तोडजोडीत पानांचा मूळ क्रम हरवला. उजवीकडून डावीकडे धावणारी आरशातली लिपी वाचणाऱ्याची परीक्षा पाहते, ती वेगळीच.

म्हणून १६९९ मध्ये गियोम आमोंताँने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तेच दोन नियम मांडले, तेव्हा ते नवेच ठरले. क्षेत्रफळाचा नियम तर अकादमीला पटेना. फिलिप द ला हिरने प्रयोग करून त्याची खातरी करून घेतली. लिओनार्दोच्या पानाला तेव्हा २०६ वर्षे झाली होती. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ कूलाँने १७८५ च्या निबंधात वेगवेगळे पदार्थ घेऊन या नियमांचा कस लावला. वेल्सच्या फिलिप वॉनला गाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट १७९४ मध्ये मिळाले.

आणि माद्रिदची ती हस्तलिखिते? स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ती होतीच. सूचीतल्या चुकीच्या क्रमांकामुळे मागणाऱ्याच्या हाती भलतेच पुस्तक पडे. ती सापडली १९६५ मध्ये आणि जगाला कळली १९६७ मध्ये. तोवर बेअरिंगांवर रेल्वे, सायकली, मोटारी आणि विमाने धावू लागली होती, आणि त्यांच्या घडणीत लिओनार्दोच्या पानाचा काहीही वाटा नव्हता.