उपेक्षित सुरांचा धनी : जो हॅरियट

गौड-सारंग हा आपल्याकडे टळटळीत दुपारचा राग. तो कुणी लंडनमध्ये सॅक्सोफोनच्या संगतीने ध्वनिमुद्रित केला असेल, ही कल्पना आमच्या मनाला कधी शिवली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने १९६६ साली निघालेली ‘इंडो-जॅझ स्वीट’ ही ध्वनिमुद्रिका आम्हांस ऐकविली. तिच्यात चारच रचना; त्यांतील एक राग मेघावर, एक गौड-सारंगावर. वादकांच्या नामावलीत तबल्यापुढे केशव साठे हे नाव वाचले आणि आम्ही सरसावून बसलो. मुंबईहून लंडनला जाऊन स्थायिक झालेला हा आपला माणूस! परंतु ध्वनिमुद्रिका संपल्यावर मनात रेंगाळत राहिला तो ऑल्टो सॅक्सोफोनचा धारदार, काहीसा व्याकूळ सूर. तो ज्याचा, त्या जो हॅरियटची कहाणी वाचकांपुढे ठेवावी, असे तेव्हापासून मनात होते.

हॅरियटचा जन्म १५ जुलै १९२८ रोजी जमैका बेटावरील किंग्स्टन येथे झाला. अनाथ व निर्धन मुलांसाठी ख्रिस्ती जोगिणींनी चालविलेल्या आल्फा शाळेत तो वाढला. या शाळेच्या वाद्यवृंदाने जमैकाला अनेक नामांकित वादक दिले. तेथे हॅरियटच्या हाती प्रथम क्लॅरिनेट आले, पुढे सॅक्सोफोन. १९५१ साली एका वाद्यवृंदाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि तेथेच राहिला. अमेरिकेतील चार्ली पार्कर याच्या शैलीचा त्याच्यावर गाढ संस्कार होता. थोड्याच वर्षांत लंडनच्या जॅझ मंडळींत त्याचा दबदबा निर्माण झाला.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस फुप्फुसाच्या विकाराने त्याला रुग्णालयात खिळून राहावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याच्या मनात एक नवाच विचार आकार घेऊ लागला. जॅझमध्ये ठरलेली लय, ठरलेली मात्रागणना, ठरलेली धून आणि ठरलेला स्वरसंघांचा क्रम असतो. प्रत्येक रचनेत यांपैकी निदान एक तरी बंधन ठेवावे. बाकीची, भाव तसा असेल तर, खुशाल सोडून द्यावीत, असा हा विचार होता. ‘फ्री फॉर्म’ ही त्याची ध्वनिमुद्रिका १९६० साली मुद्रित झाली. सेंट व्हिन्सेंटचा कवी व तुतारीवादक शेक कीन, जमैकाचाच कोलरिज गूड, पियानोवर पॅट स्माइथ आणि ड्रमवर फिल सीमन असे त्याचे सहकारी होते. हे पाचजण एकमेकांचे ऐकत, मध्येच थांबत, शांततेलाही वाव देत वाजवितात. ठेका सुटला तरी संवाद सुटत नाही. आलापीची गोडी ज्यांस आहे, त्यांस हे अगदीच परके वाटू नये.

त्याच सुमारास अमेरिकेत ऑर्नेट कोलमन अशाच मुक्त वादनाने गाजत होता. साहजिकच हॅरियट त्याची नक्कल करतो, असा ठपका आला. वस्तुतः दोघांच्या वाटा भिन्न होत्या. कोलमनकडे एकेका वादकाच्या उत्स्फूर्त भरारीवर अधिक भर. हॅरियटकडे सर्वांच्या परस्परसंवादावर. पुढच्या ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ या ध्वनिमुद्रिकेला ‘डाउन बीट’ या अमेरिकन नियतकालिकाने पूर्ण पाच तारे दिले. पण ताऱ्यांनी पोट भरत नाही. श्रोत्यांना ओळखीचे वादन हवे होते. १९६५ साली शेक कीन जर्मनीस निघून गेला आणि हा मेळ मोडला.

अशा वेळी जॉन मेयर पुढे आला. कलकत्त्यात जन्मलेला हा व्हायोलिनवादक व संगीतरचनाकार लंडनच्या मोठ्या वाद्यवृंदांतून वाजवीत असे. त्याने पाच भारतीय संगीताच्या बाजूचे आणि पाच जॅझचे असे दहा वादक एकत्र आणले. सतार दिवाण मोतीहार यांची, तबला साठ्यांचा. रचना मात्र सर्व मेयरच्या, लिहून ठेवलेल्या. ज्याने बंधने सोडण्याचा ध्यास घेतला होता, तो आता दुसऱ्याने आखलेल्या रागाच्या चौकटीत वाजवीत होता! आणि तरीही, साठ्यांचा ठेका चालू असताना हॅरियटचा सूर जेव्हा उसळी घेतो, तेव्हा चौकट त्याला अडवीत नाही. उलट पायाखाली भक्कम जमीन देते, असे आम्हांस वाटले.

१९६९ साली मुंबईत वाढलेला, मूळचा गोमंतकीय गिटारवादक अमांसियो डिसिल्व्हा याच्याबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. येथे आखणीचे ओझे कमी आहे. दोन प्रवासी सायंकाळी ओटीवर बसून बोलत असावेत, तसा मोकळेपणा आहे. त्यानंतर मात्र उतार लागला. काम कमी, प्रकृती ढासळलेली, निवारा अनिश्चित. गावोगावी फिरून, तेथील स्थानिक साथीदारांबरोबर तो वाजवीत राहिला. २ जानेवारी १९७३ रोजी साउदॅम्प्टन येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले. वय अवघे चव्वेचाळीस.

त्याच्या बहुतेक ध्वनिमुद्रिका पुढे कित्येक वर्षे दुर्मीळ होत्या. ॲलन रॉबर्टसन यांनी लिहिलेले चरित्र २००३ साली आले, ध्वनिमुद्रिका हळूहळू पुन्हा निघाल्या, आणि लोक विचारू लागले की, हा मनुष्य इतके दिवस होता कोठे?

शाळेच्या दाखल-खारिज वहीशी आमचा जन्माचा संबंध. एका वहीतून मुलाचे नाव कमी झाले, की ते दुसऱ्या शाळेच्या वहीत चढलेच पाहिजे. नाही तर वर्ष वाया जाते. हॅरियटचे नाव जमैकाच्या वहीतून कमी झाले आणि इंग्लंडच्या वहीत चढविण्यास फार उशीर झाला. मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांना हे दुःख समजावून सांगावे लागू नये. साठ्यांचे नाव तरी आपल्यापैकी किती जणांच्या वहीत आहे? आमच्याही नव्हते.

म्हणून एवढेच सुचवितो. एखाद्या रविवारी, जेवणानंतर घर शांत झाले की, मुलांना जवळ बसवून हा गौड-सारंग लावा. प्रथम तबला ओळखू द्या. मग तो दुसरा सूर कुणाचा, हे ती आपणहून विचारतील.