घर बांधणें व घर राखणें

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें ऐकिली असेल. घर उभें करण्यांत पैसा, श्रम व मनस्ताप किती पडतो, हें तींत थोडक्यांत सांगितलें आहे. परंतु बांधलेलें घर राखण्यास काय लागतें, याविषयीं आपल्याकडे फारसें कोणी बोलत नाहीं. घर एकदां उभें राहिलें म्हणजे तें आपोआप उभेंच राहतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत कांहीं पावसाळ्यांतच निघून जाते. व ज्या कामास प्रथम शंभर-दोनशें रुपये पुरले असते, त्यासाठीं पुढें हजारों रुपये कर्जाऊ काढण्याची पाळी येते. म्हणून बेताच्या मिळकतीच्या कुटुंबानें आपल्या घराची निगा कशी राखावी, व हातीं असलेला थोडका पैसा कोणत्या क्रमानें खर्चावा, एवढ्याच गोष्टीचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घराचा मुख्य शत्रु कोण? ऊन, वारा, उंदीर, वाळवी हे सर्व शत्रु खरेच. परंतु कोंकणांत व घाटमाथ्यावर या सर्वांचा सेनापति म्हणजे पाणी. त्याचें बळ किती आहे हें विद्यार्थ्यांस साध्या गणितानें कळेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ज्या घराचें छप्पर १० मीटर लांब व ५ मीटर रुंद जागा झांकतें, त्यावर एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी पडलें. कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं सबंध पावसाळ्यांत २,५०० मिलिमीटर व त्याहूनहि अधिक पाऊस पडतो; म्हणजे तेवढ्याशा छपरावरून चार महिन्यांत सव्वा लाख लिटर पाणी वाहून जातें. यांतील हजारावा भाग जरी आंत शिरला, तरी सव्वाशें लिटर पाणी भिंतींत व लांकडांत मुरलें असें होतें. ओलें लांकूड कुजतें व वाळवीस आमंत्रण देतें. सिमेंटच्या छतांतील लोखंड ओलीनें गंजतें, गंजलें म्हणजे फुगतें, व फुगलें म्हणजे छताचे पोपडे खालीं पाडतें. ओल्या भिंतीवर बुरशी धरते व घरांतील लहान मुलांस आणि दमेकऱ्यांस तिची बाधा होते.

यावरून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम छप्पर, मग जोत्याभोंवतालची जमीन, मग भिंती, मग लांकूडकाम व विजेच्या तारा, आणि सर्वांत शेवटीं रंग. लोक बहुधा याच्या उलट करितात. दिवाळी आली किंवा घरांत कार्य निघालें कीं रंगारी बोलावितात. व पुढच्या ज्येष्ठ-आषाढांत तो रंग पापुद्रे होऊन गळून पडतो. रंग हा घराचा अंगरखा आहे. आजारी माणसास नवा अंगरखा घातल्यानें त्याचा ताप उतरत नाहीं.

आतां छपराविषयीं. आपल्याकडील पुष्कळ जुनीं घरें मंगळुरी कौलांचीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बासेल मिशननें मंगळूर येथें या कौलांचा कारखाना काढिला, व तेथून तीं पश्चिम किनाऱ्यावर दूरवर पसरलीं. त्यापूर्वीं कुंभाराचीं नळीचीं कौलें असत. तीं दरवर्षीं चाळून पुन्हां बसवावीं लागत. यालाच घर शाकारणें म्हणतात. मंगळुरी कौल खांचांनीं शेजारच्या कौलांत अडकतें, म्हणून सबंध छप्पर दरवर्षीं उतरावें लागत नाहीं. तथापि तपासणी कोणासहि चुकलेली नाहीं. तिची सोपी रीत अशी: वैशाखांत एके दिवशीं भर दुपारीं दारें-खिडक्या लावून घरांत अंधार करावा व वर पाहावें. जेथें उजेडाची तिरीप दिसेल, तेथें कौल सरकलें किंवा फुटलें आहे असें समजावें व त्याखालीं जमिनीवर खडूनें खूण करावी. मात्र पाणी जेथें ठिबकतें तेथेंच तें शिरतें असें नाहीं. तें वाशावरून कांहीं फूट वाहत येतें व मग गळतें. म्हणून डाग दिसल्यास त्याच्या वरच्या अंगास, आढ्याच्या दिशेनें, शोध करावा. दहा-वीस कौलें नेहमीं शिल्लक ठेवावीं. कारण एका कारखान्याचें कौल दुसऱ्याच्या कौलांत बहुधा नीट बसत नाहीं.

छपरावर चढणें हें मुलांचें काम नव्हे, हें आम्ही निक्षून सांगतों. मोठ्या माणसानेंहि कोरड्या दिवशींच चढावें, शिडी धरावयास खालीं दुसरा मनुष्य असावा, व पाय कौलाच्या मध्यावर न देतां जेथें खालीं रीप आहे तेथें द्यावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर तर मुळींच पाय देऊं नये. ते एकाएकीं मोडतात. शिवाय त्यांत पुष्कळदां ॲस्बेस्टॉस असतें व त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे, म्हणून ते कापूं किंवा भोंकूंहि नयेत. पन्हळ मात्र सर्वांनीं संभाळण्याजोगी आहे. शिमग्यानंतरचा पालापाचोळा तींत साचतो, व पहिल्याच पावसांत पाणी उलटून भिंतींत शिरतें. ती पावसापूर्वीं एकदां व श्रावणांत उघडीप पाहून एकदां साफ करावी.

ज्यांच्या घरास गच्ची आहे त्यांनीं पाणी जाण्याचीं भोंकें प्रथम मोकळीं करावीं. गच्चीची गळती पुष्कळ वेळां भेगेपेक्षां तुंबलेल्या भोंकामुळें होते. त्यानंतर कठड्याच्या मुळाशीं जेथें भिंत व गच्ची मिळतात तो सांधा पाहावा; बहुतेक भेगा तेथेंच पडतात. भेग खरवडून, धुऊन, ओली करून मग सिमेंट व वाळूच्या बारीक गिलाव्यानें भरावी. नुसता वरून लेप फांसल्यास तो एका उन्हाळ्यांत सुटतो. भरलेलें काम सात दिवस गोणपाटानें झांकून ओलें ठेवावें. सिमेंट वाळल्यानें नव्हे, तर पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें; वैशाखाच्या उन्हांत त्यास पाणी न मिळाल्यास तें भुसभुशीत राहतें. याच सुमारास गच्चीस पांढरा लेप दिला तर दुसराहि लाभ होतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेंकतो व खालील खोली कमी तापते. अहमदाबाद महानगरपालिकेनें २०१७ सालीं गरीब वस्त्यांतील छपरांवर असा लेप देण्याचा उपक्रम हातीं घेतला होता.

छपरानंतर जोतें. वळचणीची पागोळी जेथें पडते तेथें खळगा होतो, त्यांत पाणी सांचतें व तें जोत्यांत मुरतें. यावरील उपायास कुदळ-फावडें व दोन दिवसांचे श्रम पुरेत. भिंतीपासून बाहेरच्या बाजूस दहा फुटांत सहा इंच उतार पडेल अशी माती घालून चोपावी, आणि पागोळीच्या रेषेवर खडी किंवा फुटक्या कौलांचे तुकडे पसरावे, म्हणजे चिखल भिंतीवर उडणार नाहीं. हें काम घरांतील थोरले विद्यार्थी सुटींत सहज करूं शकतील.

भिंतीस ओल आली तर ती कोठून आली हें आधीं ठरवावें. निदानावांचून औषध देऊं नये. एक हात लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीस चारी कडांनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. त्याच्या आंतल्या अंगास थेंब जमले तर ओल भिंतींतून येत आहे. बाहेरच्या अंगास जमले तर ती खोलींतील दमट हवेची आहे व खिडक्या उघडणें हाच तिचा उपाय आहे. भिंतीच्या तळाशीं पांढरी पूड दिसली तर लोणा लागला असें समजावें. जमिनींतील पाणी क्षार घेऊन भिंतींत चढतें, पाणी उडून जातें व क्षार मागें राहतो. अशा ठिकाणीं, विशेषतः जुन्या माती-चुन्याच्या भिंतीवर, सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग देऊं नये. तो भिंतीचा श्वास कोंडतो. ओल आंतच अडकते व अधिक वर चढते. माती व चुन्याच्या भिंतीस चुनाच मानवतो. विरवलेला चुना कपड्यांतून गाळून, थोडा डिंक घालून, पातळ असे दोन-तीन हात द्यावे. तो हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु शोषून हळूहळू दगडासारखा होतो व बुरशीसहि अटकाव करितो. मात्र कळीचा चुना विरवितांना तो उकळतो व उडतो. डोळ्यांस तो फार वाईट, म्हणून मुलांस दूर ठेवावें. जुना तेलरंगहि कोरडा घासूं नये, कारण त्यांत शिसें असण्याचा संभव असतो.

भिंतीची प्रत्येक भेग भिण्यासारखी नसते. केसासारखी भेग बहुधा गिलाव्याचीच असते. संशय आल्यास भेगेच्या दोन्ही टोंकांस पेन्सिलीनें रेघ ओढून तारीख लिहावी. तीन-चार महिन्यांत ती रेघ ओलांडून गेली, किंवा नाण्याची कड आंत शिरण्याइतकी रुंद झाली, तर गवंड्याच्याहि आधीं जाणत्या इंजिनीयरास दाखवावी. येथें दोन पैसे वांचविणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय. भिंतींत उगवलेलें पिंपळाचें रोप मात्र दोन पानांचें असतांनाच मुळासकट काढावें. पक्षी बीं टाकतात, आपण दुर्लक्ष करितों, व पांच वर्षांनीं तें मूळ दगड फोडतें.

लांकूडकामांत दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. वाळवी जमिनींतून मातीच्या नळ्या करून चढते. म्हणून कपाटें व ट्रंका भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्या व मागील बाजू महिन्यांतून एकदां पाहावी. दुसरी गोष्ट, पावसाळ्यांत फुगून घट्ट झालेलें दार तेव्हांच रंधून घेऊं नये. हिवाळ्यांत तेंच दार सैल होऊन खडखडेल. जेथें घासतें तेथें मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळावा, व रंधण्याचें काम कोरड्या ऋतूवर टाकावें.

विजेच्या बाबतींत काटकसर करूं नये. भिंत ओली व तारा जुन्या असल्या म्हणजे भिंतीस हात लावतांच धक्का बसतो. पत्र्याच्या पडवींत कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार ही तर मोठी घातक वस्तु आहे. तिच्या जागीं सुती किंवा नायलॉनची दोरी बांधावी. मुख्य फळीवर आर. सी. सी. बी. नांवाची कळ परवानाधारक कारागिराकडून बसवून घ्यावी. घरासाठीं ती बहुधा ३० मिलिअँपियरची घेतात. तेवढा प्रवाह आडवाटेनें जाऊं लागतांच ती वीज तोडते. तीवरील 'टेस्ट'चें बटण महिन्यांतून एकदां दाबून ती चालते कीं नाहीं हें पाहावें. रंगाचे पैसे वांचवून ही कळ बसविली, तर तो खर्च सर्वांत शहाणपणाचा झाला असें आम्ही म्हणूं.

गळका नळहि उपेक्षूं नये. सेकंदास एक थेंब गळला तर दिवसांत ८६,४०० थेंब होतात, व लहानांत लहान थेंब धरला तरी तें चार लिटरांहून अधिक पाणी झालें. नळाचा वायसर थोडक्या पैशांत मिळतो, व मुख्य चावी बंद करून तो बदलणें कोणासहि शिकतां येतें. टाकीवर घट्ट झांकण ठेवावें, आणि आठवड्यांतून एक दिवस साठवणीचीं भांडीं घासून कोरडीं करावीं, म्हणजे डेंग्यूच्या डांसांची पैदास होणार नाहीं.

आतां पैशाची व्यवस्था. आमची सूचना अशी कीं, घरांत एक वही ठेवावी. तींत प्रत्येक दुरुस्ती, तिची तारीख, खर्च व कारागिराचें नांव लिहावें. पुढच्या वर्षीं तीच वही उत्तम सल्लागार होते. दरमहा थोडी रक्कम, मग ती कितीहि लहान असो, घराच्या नांवानें बाजूस टाकावी. गवंडी व सुतार यांस माघ-फाल्गुनांतच सांगून ठेवावें. मृगाच्या तोंडावर प्रत्येकाचें छप्पर गळूं लागतें व कारागीर मिळत नाहीं. सिमेंट लागेल तेवढेंच आणावें, कारण तीन महिन्यांहून अधिक दिवस पडून राहिलेल्या पोत्याचें बळ कमी होतें. शिडी, थापी, ओळंबा हीं साधनें चार शेजाऱ्यांनीं मिळून घेतल्यास कोणासच भार होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, क्षेत्रफळ, उतार, बाष्पीभवन, चुन्याचे गुणधर्म हे विषय तुम्ही वर्गांत शिकतां. त्यांची परीक्षा कागदावर होते तशी घराच्या छपराखालींहि होते. येत्या सुटींत आपल्या वडीलधाऱ्या मंडळींबरोबर घराभोंवतीं एक फेरी घाला, दिसेल तें वहींत टिपा, व त्यांतील एक तरी काम पाऊस येण्यापूर्वीं पुरें करा. तहान लागल्यावर विहीर खणण्यांत कोणाचेंच भलें होत नाहीं. ज्या घरांत आषाढांतील मुसळधार रात्रीं कोणास भांडीं घेऊन धांवावें लागत नाहीं, व मुलें कोरड्या अंथरुणांत निजतात, तें घर लहान असो कीं मोठें, रंगविलेलें असो कीं नसो, चांगलें राखलेलें आहे असें खुशाल समजावें.