निवृत्तिनिधींतील जादा वर्गणी आणि दुहेरी कर

अमेरिकेंत नोकरीस असलेला मुलगा वा मुलगी आज पुण्यामुंबईच्या अनेक घरांत आहे. तेथें निवृत्तीसाठीं पगारांतून जी वर्गणी कापली जाते, तिच्या योजनेस कायद्याच्या कलमावरून ‘४०१ (के)’ असें नांव पडलें आहे. कर आकारण्यापूर्वीं कापलेल्या या वर्गणीवर त्या वर्षीं प्राप्तिकर लागत नाहीं. उतारवयांत पैसे काढतांना तो लागतो. म्हणजे कर माफ होत नाहीं, लांबणीवर पडतो. या सवलतीस अर्थातच मर्यादा आहे. २०२५ सालीं ती २३,५०० डॉलर होती; पन्नाशी गांठलेल्यांस ती अधिक असते.

माणसाच्या नोकऱ्या कितीहि असोत, ही मर्यादा त्याला वर्षाकांठीं एकच असते, आणि घोटाळा येथेंच होतो. समजा, एका तरुणानें २०२५ मध्यें पहिल्या नोकरींत १४,००० डॉलर भरले, जुलैंत नोकरी बदलली आणि दुसरीकडे १३,००० भरले. दोन्ही कचेऱ्यांचे हिशेब आपापल्या जागीं बरोबर. पण बेरीज २७,००० होते, म्हणजे ३,५०० डॉलर जादा. मालक स्वतःच्या पदरचें जें घालतो, तें या बेरजेंत धरावयाचें नसतें.

यावर उपाय आहे. पुढील वर्षाच्या १५ एप्रिलपर्यंत दोहोंपैकीं एका योजनेकडून जादा रक्कम व तिच्यावरील उत्पन्न परत घ्यावें. ३,५०० डॉलर २०२५ च्या उत्पन्नांत मिळविले जातात. त्यांवरील वाढ ज्या वर्षीं हातीं येते, त्या वर्षीं करपात्र ठरते. मुदतींत परत घेतल्यास अकालीं पैसे काढल्याबद्दलचा १० टक्के जादा कर लागत नाहीं.

मुदत टळली तर? ते ३,५०० डॉलर २०२५ च्या उत्पन्नांत धरले जातातच. शिवाय खात्यांत राहिलेली तीच रक्कम पुढें काढतांना तिच्यावर पुन्हां कर बसतो. एकाच कमाईवर दोनदां कर! विवरणपत्र भरण्यास मुदतवाढ मिळाली, तरी ही तारीख वाढत नाहीं.

नव्या मालकास जुन्या वर्गणीचा पत्ता नसतो. ती कळविण्याची जबाबदारी पगारदाराचीच. प्रत्येक मालकाकडून मिळणाऱ्या ‘डब्ल्यू-२’ या वार्षिक पत्रकाच्या बाराव्या चौकटींत ‘डी’ या अक्षरापुढें वर्गणीचा आंकडा असतो. हीं पत्रकें जानेवारीच्या अखेरीस निघतात. दोन्ही आंकड्यांची बेरीज मर्यादेशीं ताडून पाहावी, आणि जादा निघाल्यास फेब्रुवारींतच योजनेकडे लेखी कळवावें.