गांडुळावर मीठ टाकण्याआधी फुग्यात पाणी भरून बघा

जूनमध्ये पाऊस लागला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. तळमजल्याची मोरी, फरशीवर काहीतरी लांबट वळवळणारं आणि खाली प्रश्न : "हे विषारी आहे का?" उत्तरही ठरलेलं : "मीठ टाका."

आधी ओळख पटवू. अंगावर एकामागे एक वळी दिसत असतील, तर ते गांडूळ. अंग गुळगुळीत, चकचकीत खवल्यांचं, चाल नागमोडी आणि मधूनच इवलीशी जीभ बाहेर येत असेल, तर तो वाळा. वाळा हा साप खरा, पण बिनविषारी. मुंग्यांची अंडी आणि वाळवी खाऊन जगणारा. मीठ दोघांनाही नको.

गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. मीठ त्या कातडीतलं पाणी ओढून घेतं आणि ते तडफडून मरतं. वालधुनीत रसायनं सोडल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. वास आला की आपण खिडकी लावून घेतो. गांडुळाची अख्खी कातडीच नाक, ते काय लावणार?

हाडं नसताना हा प्राणी घट्ट माती फोडत जातो कसा? हे सांगण्यापेक्षा करून बघण्यात मजा आहे, मुलांना सोबत घ्या. प्राण्यांचे आकार करतात तो लांब फुगा आणा. त्यात पाणी भरा, पण गच्च नको, जरा ढिला ठेवा. तोंड बांधा. आता मधोमध मुठीत दाबा : फुगा बारीक होऊन लांबतो. दोन्ही टोकांकडून आत ढकला : आखूड आणि जाड होतो. पाणी दाबून कमी होत नाही, म्हणून ते वाट मिळेल तिकडे सरकतं. गांडुळाच्या अंगातही असाच द्रव असतो. त्याभोवतीचे गोल स्नायू आवळले की ते लांबतं, लांबीतले स्नायू आवळले की आखडतं.

आता फुग्याला चार-पाच ठिकाणी दोरा करकचून बांधा. एक कप्पा दाबला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. खऱ्या गांडुळात असे कप्पे पडद्यांनी झालेले असतात. आपल्याकडच्या फेरेटिमा जातीत 100 ते 120. म्हणून पुढचा भाग लांबत असताना मागचा जमिनीला धरून राहू शकतो.

धरतं कशाने? बारीक काट्यांनी. जुन्या टूथब्रशचे केस कापून चिकटपट्टीने फुग्याच्या पोटाला लावा, टोकं मागे झुकलेली. चादरीवर पुढे ओढा, मग मागे ओढा. फरक हाताला कळेल. (खरं गांडूळ हे काटे आत-बाहेर करू शकतं, तेवढं आपल्या फुग्याला जमत नाही.)

एक समज मात्र सोडा. मधोमध कापल्यावर दोन गांडुळं होत नाहीत. काही जातींत डोक्याकडचा भाग जगतो आणि शेपूट पुन्हा वाढते, एवढंच.

चार्ल्स डार्विनने गांडुळांना पियानो ऐकवला होता. आवाजाने ती हलली नाहीत, पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवताच बिळात पळाली. 1881 मध्ये त्याने गांडुळांवर पूर्ण पुस्तक काढलं.

मोरीत आलेलं गांडूळ ओल्या कागदावर घ्या आणि सावलीतल्या ओल्या मातीत सोडा. गांडूळखताच्या डब्यात नको. तिथे बहुधा आयसेनिया फेटिडा ही कुजक्या कचऱ्यात राहणारी परदेशी जात वापरतात, मातीत बिळं करणाऱ्याला तो डबा मानवत नाही.